बाजाराच्या दुसऱ्या दिवसाची हजेरी

आमच्या हिलासुद्धा हे ठाऊक नाही. तिला वाटतं, आपल्याला सगळं ठाऊक आहे — पण तिला जे ठाऊक आहे, ते मीच रचून सांगितलेलं आहे. पाड्यावरच्या माणसांना तेच सांगितलं, व्याह्यांना तेच, जव्हारच्या टपरीवर संध्याकाळी भेटणाऱ्या मित्रांनाही तेच. इतक्या वेळा सांगितलं, की माझा आवाज जिथे कापरा व्हायला हवा तिथे आता आपोआप कापरा होतो. तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून तुम्हाला खरं सांगायला बसलोय. ओळखीच्या माणसाला सांगायची छाती असती, तर कागद कशाला खराब केले असते?

लोकांना माहीत असलेली गोष्ट आधी सांगतो, ती छोटी आहे. मुंबईच्या टोळीतल्या एका मारेकऱ्यावर खुनाचा खटला चालला. त्यात मला साक्षीला बोलावलं. टोळीच्या माणसांनी मला धमकावलं, बायकापोरांचं नाव घेतलं, म्हणून मी कोर्टात खोटं बोललो. बिचारे गुरुजी — करणार काय? जीव सगळ्यांनाच प्यारा. अशी ती गोष्ट. तिच्यात मी भित्रा आहे, पण भ्यायला कारण आहे. अशा भित्र्याला लोक नावं ठेवत नाहीत, उलट चहा पाजतात.

आता दुसरी सांगतो.

मी साखरशेतचा. घरी भात आणि नागली, वडिलांचं आयुष्य चिखलात गेलं, आणि आमच्या घराण्यातली पहिली सरकारी नोकरी माझी. मास्तर झालो तेव्हा वडिलांनी गावात गूळ वाटला होता. नेमणूक मिळाली ती खोडाळ्याच्या पलीकडे डोंगरातल्या एका पाड्यावर. पाड्याचं नाव सांगत नाही, त्याचा यात काही दोष नाही. एक खोली, पहिली ते चौथी, एकोणतीस पोरं आणि एक शिक्षक. म्हणजे हेडमास्तर मीच, शिपाई मीच, आणि मी नसलो की शाळाच नाही.

आणि मी बऱ्याचदा नसायचो.

राहायचो जव्हारला. सकाळची एसटी पकडून खोडाळा, तिथून तासभर चढण. पहिलं वर्ष इमानेइतबारे केलं. मग पाय दुखायला लागले म्हणा, मन दुखायला लागलं म्हणा — आठवड्यात चार दिवस झाले, मग तीन. खोडाळ्याच्या बाजाराच्या दिवशी मात्र हटकून जायचो, कारण त्या दिवशी साहेब लोकही बाजारात फिरायचे आणि दिसणं महत्त्वाचं असतं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी मी कधीच जात नसे. पाड्यावर हे शेंबड्या पोरालाही माहीत होतं. ‘आज गुरुजींची सुट्टी,’ असं ती माणसं बिनतक्रार म्हणत.

आता हजेरीपटाचं. आठवडाभराच्या रेघा मी एका बैठकीत मारायचो. हजर असेल त्याला तिरकी रेघ, नसेल त्याला ‘गै’. सगळ्यांना रेघा. त्या काळात हजेरी भरली की पोरामागे महिन्याला तीन किलो तांदूळ मिळायचा, आणि पाड्यावर तांदूळ कुणाला नको होता? मी स्वतःला सांगायचो — आपण पुण्यच करतोय. गै लिहिलं तर पोराच्या तोंडचा घास जाईल. किती सोयीचं पुण्य! पोरांच्या पानात तांदूळ आणि माझ्या पदरात सुट्टी, दोन्ही एकाच रेघेत.

जन्मतारखांचंही तसंच. पाड्यावर तारखा कुणाकडे असणार? सोमवारी झाली ती सोमी, बुधवारी झाला तो बुध्या, इतकंच आईला आठवायचं. मग आम्ही मास्तर लोक सरसकट एक जून घालायचो. माझ्या शाळेतली एकोणतीसच्या एकोणतीस पोरं एक जूनला जन्मली. हे तेव्हा सगळीकडेच चालायचं, पण हे लक्षात ठेवा, पुढे कामाला येणार आहे.

सोमी चौथीत होती. रावजीची एकुलती एक. काळीसावळी, केसांना तेल नाही, पाढे मात्र असे म्हणायची की मीच कधीकधी चुकायचो. मी ज्या दिवशी यायचो त्या दिवशी ती शाळेच्या पायरीवर आधीच बसलेली असायची, खोली झाडून. तिचा बाप रावजी मला वाटेत भेटला की हातातलं काम टाकून म्हणायचा, “गुरुजी, पोरीला शिकवा, मना त अंगठाच येतो.” मी म्हणायचो, शिकवतो की.

त्या वर्षी मी जव्हारला घर बांधत होतो. होळी जवळ आलेली, पाऊस दूर, बांधकामाचा हंगाम. बाजाराच्या दुसऱ्या दिवशी घराचा स्लॅब होता. सकाळपासून पंधरा मजूर, मिक्सरचा खडखडाट, हिने सगळ्यांना जिलेबी आणली होती. मी पायजमा वर खोचून उभा, घमेली मोजत आणि ओरडत. आयुष्यातल्या आनंदाच्या दिवसांत तो दिवस मी धरतो. म्हणजे धरायचो.

त्याच दिवशी, त्याच वेळी, पाड्याखालच्या घाटात काय झालं ते मी सोमीच्या तोंडून ऐकलेलं सांगतो.

शाळा बंद, म्हणून ती बापाबरोबर राबासाठी फांद्या तोडायला डोंगरावर गेली होती. आमच्याकडे पावसाआधी शेतात पालापाचोळा जाळून जमीन भाजतात, त्याच्यासाठी. ऊन डोक्यावर आलं तेव्हा खाली रस्त्यावर एक गाडी थांबल्याचा आवाज आला. आता हे तुम्हाला कळायला हवं — घाटात चढणीला गाड्या तापतात. गाडी थांबली की आमची माणसं पाण्याचा डबा घेऊन खाली उतरतात, कुणी सांगावं लागत नाही. पैसेही घेत नाहीत. रावजीने आपला प्यायचा डबा उचलला आणि तो उतरला. सोमी मागे करवंदीच्या जाळीपाशी थांबली.

गाडी तापलेली नव्हती. मुंबईहून एका माणसाला त्या गाडीतून आणलं होतं, आणि रावजी रस्त्यावर पोचला तेव्हा तो माणूस गोळी खाऊन पडलेला होता. रावजी डबा हातात धरून उभा. मारेकऱ्याने त्याच्याकडे पाहिलं आणि त्यालाही मारलं. एकच गोळी. मग त्याने रावजीचा डबा उचलला, त्यातल्या पाण्याने हात धुतले, तोंड धुतलं, आणि गाडीत बसून गेला.

पोरगी वीस पावलांवर होती. तो तोंड धूत असताना तिने त्याचा चेहरा पाहिला.

मी पाड्यावर गेलो ते तिसऱ्या दिवशी. पोलीस येऊन गेले होते, रावजीला जाळून झालं होतं. सोमीची आई जनी अंगणात बसली होती. लोकांनी मला सगळं सांगितलं — पोरीने पाहिलं, पोरीने पोलिसांना सांगितलं. मी हळहळलो. खरंच हळहळलो, ते नाटक नव्हतं. मग शाळेत गेलो, पेटी उघडली आणि हजेरीपट काढला.

इथे जरा थांबतो.

म्हणजे बघा — मला माहीत होतं. सोमी त्या दिवशी कुठे होती, हे मला माहीत होतं. तिच्या नावापुढे आदल्या दिवसाचा रकाना रिकामा होता, तिथे मी ‘गै’ लिहिलं. बाप मेला त्याच्या दुसऱ्या दिवशी पोर शाळेत कशी येईल, इतकी अक्कल मला होती. आणि त्याच्या मागचा रकाना? खुनाचा दिवस? तिथे गै लिहावं तर बाकीच्या अठ्ठावीस जणांचं काय? मग सगळ्यांनाच गै, मग शाळा बंद, मग गुरुजी कुठे होते? पोलिसांची ये-जा सुरू होती, एखादा साहेब येऊन हजेरीपट पाहील अशी धास्ती वाटली. मी एकोणतीस रेघा मारल्या. सोमीच्या नावापुढची रेघ मारताना हात अडखळला — असं लिहायला बरं वाटेल, पण अडखळला नाही. झरझर मारली.

मारेकरी चार महिन्यांनी पकडला गेला. त्याचं नाव तेव्हा पेपरात मोठ्या अक्षरात येत होतं. सुपारी घेऊन किती जणांना मारलं, कोणत्या टोळीचा, सगळं छापून यायचं. घाटात मेलेल्या मुंबईच्या माणसाचा फोटो यायचा. रावजीबद्दल एवढंच यायचं — ‘आणि एक आदिवासी’. नाव नाही. ज्या डब्यातलं पाणी पाजायला गेला तो डबा पोलिसांच्या मुद्देमालात होता, पण माणसाला नाव नव्हतं.

खटला उभा राहायला दोन वर्षं गेली, आणि तोवर साक्षीदार एकेक करून गळाले. गाडीचा ड्रायव्हर उलटला. पिस्तूल सापडल्याच्या कागदावर सही करणारे दोन पंच म्हणाले, आम्ही कोऱ्या कागदावर सही केली. त्यांना मात्र खरोखरच कुणीतरी भेटलं असणार. शेवटी सरकारच्या हातात एकच साक्षीदार उरली, बारा-तेरा वर्षांची पोर. ओळख परेडमध्ये तिने दहा माणसांतून त्याला बोट लावून दाखवलं होतं. कोर्टातही दाखवलं. पाण्याने हात धुतल्याचंही सांगितलं.

मग आरोपीचे वकील उठले. मोठे वकील होते, मुंबईचे. पोरीचं वय सिद्ध करायला पोलिसांनी माझ्याच शाळेचा दाखला जोडला होता, तो त्यांनी हातात घेतला आणि गोड आवाजात विचारलं, बाळ, तो दिवस शाळेचा होता ना? मग तू शाळेत का नव्हतीस? सोमी म्हणाली, “शाला बंद होती. गुरुजी नव्हतं.” वकिलांनी लगेच कोर्टाकडे अर्ज दिला — शाळेचा हजेरीपट मागवा आणि शिक्षकाला बोलवा.

समन्स आलं तेव्हा मी जेवत होतो. दोन घास तसेच राहिले. आता तुम्हाला वाटत असेल, इथे कुणीतरी येईल. काळ्या काचांची गाडी, घराबाहेर दोन माणसं, फोनवर आवाज. मीही आठ दिवस वाट पाहिली हो. खरं सांगतो, वाट पाहिली. कुणी आलं नाही. त्यांना यायची गरजच नव्हती. त्यांच्या वकिलाने ओळखलं होतं, की सरकारी मास्तर आपल्या रजिस्टरविरुद्ध कधीच बोलणार नाही.

कोर्ट ठाण्याला. पहाटेच्या एसटीत मी, आणि माझी साक्ष ऐकायला निघालेल्या जनी आणि सोमी — तिघंही एकाच बाकावर. हजेरीपट मी फडक्यात बांधून मांडीवर घेतला होता. घाटात सोमीला मळमळलं, मी पिशवी धरली, पाठ थोपटली. तोंड पुसून ती माझ्याकडे बघून हसली. “गुरुजी, आता तुमी सांगाल ना, मग त्यांना खरां वाटंल,” ती म्हणाली. जनीने भाकरी आणली होती नागलीची, तिच्यातली अर्धी मला दिली. मी खाल्ली. चवही लागली.

साक्ष फार वेळ चालली नाही. वकिलांनी पान उघडून दाखवलं. हे तुमचं अक्षर? हो. हा रकाना त्या तारखेचा? हो. या मुलीच्या नावापुढे हजेरीची खूण आहे? आहे. शाळा किती ते किती? अकरा ते पाच. शाळेपासून घाट किती लांब? पाऊण तास. झालं, ते बसले.

मग सरकारी वकील उठले. साधा माणूस होता, कोट खांद्यावर उसवलेला. त्यांनी रजिस्टर चाळलं आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. गुरुजी, तुमच्या शाळेतली सगळी मुलं एकाच तारखेला जन्मली? कोर्टात हशा पिकला. मी म्हणालो, पाड्यावर जन्माची नोंद नसते साहेब, अंदाजाने लिहावं लागतं. ते हलकेच म्हणाले, मग हजेरीही अंदाजानेच लिहीत असाल. नाही का?

दार उघडलं होतं हो त्या माणसाने. पाटावर बसवून समोर ताट ठेवावं तसं. मी नुसतं ‘हो साहेब’ म्हणायचं होतं. दोन शब्द.

मी म्हणालो, “जन्म माझ्यासमोर होत नाही साहेब. हजेरी माझ्यासमोर होते.”

पुन्हा हशा. या खेपेला न्यायाधीशही हसले. आणि आता हेही लिहून टाकतो — मला आनंद झाला. एक क्षण, अगदी एकच, पण झाला. साखरशेतच्या शेतकऱ्याच्या पोराने भरल्या कोर्टात वकिलाला निरुत्तर केलं. त्या आनंदात मी मान वळवून मागे पाहिलं, वर्गात हुशार पोरगं उत्तर देऊन बघतं तसं. मागच्या बाकावर सोमी बसली होती.

ती रडत नव्हती. चिडलेलीही नव्हती. तिच्या चेहऱ्यावर मला तेच दिसलं जे वर्गात मी फळ्यावर गणित चुकवलं की दिसायचं. गुरुजी चुकले, आता सांगावं का न सांगावं.

निकाल महिन्याभराने लागला. मुलगी शाळेत होती हे कागदोपत्री सिद्ध होतं, तिला पोलिसांनी पढवलेलं दिसतं, सबब संशयाचा फायदा देऊन आरोपी निर्दोष. म्हणजे शाळेने जिला काही पढवलं नाही, तिला पोलिसांनी पढवलं. रावजीचा खून त्याच कागदात निकाली निघाला. मारेकरी बाहेर पडला, त्याचा जयजयकार करत माणसं त्याला घेऊन गेली असं मी पेपरात वाचलं. पुढे त्याचं काय झालं, मला माहीत नाही.

पण खरी गोष्ट मी अजून सांगितलीच नाही. फिरतोय नुसता तिच्याभोवती.

साक्षीच्या दिवशी परत येताना एसटीत आम्ही तिघं पुन्हा एकाच बाकावर होतो. दुसरी गाडीच नव्हती. जव्हार जवळ आलं तशी जनी माझ्याकडे वळली. मला वाटलं, आता ही थोबाडीत मारणार, आणि खरं तर मारली असती तर सुटलो असतो. तिने माझ्या हातावर हात ठेवला. हळू आवाजात म्हणाली, “गुरुजी, तुमाला कोनी भेव दाखवला काय?”

शाळा त्या दिवशी बंद होती, हे साऱ्या पाड्याला माहीत होतं, पण पाड्याला कोर्टात कुणी विचारलंच नव्हतं. मी खोटं बोललो, हेही आता माहीत झालं होतं. पण सस्पेंड होईन या भीतीपोटी, एका सुट्टीपोटी गुरुजी असं करतील, हे तिच्या डोक्यातच येईना. एवढ्या मोठ्या पापामागे कारणही तेवढंच मोठं असणार, असं त्या बाईला वाटलं. तिनेच माझ्यासाठी कारण शोधलं आणि माझ्या हातात दिलं.

मी मान हलवली. होकारार्थी.

बस्स. हाच तो गुन्हा. कोर्टातलं खोटं मोठं आहे हे मला कळतं, पण ते मी घाबरून बोललो. हे मी विधवा बाईच्या दयेवर हात मारून घेतलं.

पुढचं ऐका. दुसऱ्या दिवसापर्यंत पाड्यावर बातमी झाली — गुरुजींच्या जिवाला धोका आहे. आणि त्या माणसांनी काय करावं? पाळ्या लावल्या. रोज सकाळी एसटी खोडाळ्याला लागली की एक माणूस कोयता घेऊन थांब्यावर उभा. मला शाळेपर्यंत सोडायचा, संध्याकाळी परत थांब्यावर आणायचा. आज या घरचा, उद्या त्या घरचा, स्वतःचं काम टाकून. कोणाला म्हणू, ‘नका येऊ’? म्हटलं तर म्हणायचे, “तुमचा जीव आमच्यासाठी गेला त कसं?” आमच्यासाठी! आणि माणूस थांब्यावर वाट बघत असतो म्हटल्यावर मला रोज जावंच लागलं. बाजाराच्या दुसऱ्या दिवशीसुद्धा. नोकरीतला सगळ्यांत चोख काळ माझा तोच. त्या वर्षी आदर्श शिक्षक म्हणून तालुक्याने माझं नाव वर पाठवलं.

जनीच्या घरात पुरुष उरला नव्हता, म्हणून तिची पाळी ती स्वतः करायची. रावजीचाच कोयता घ्यायची. चढणीवर माझ्या पुढे चालायची, मी म्हटलं मी पुढे होतो तर ऐकायची नाही. तासभर मी तिच्या भेगा पडलेल्या टाचांकडे बघत चढायचो. एकदाही तोंड उघडलं नाही. तीन वर्षं पाळ्या चालल्या. मग हळूहळू बंद झाल्या, मी तरी सांगितलं नाही की थांबवा.

याच काळात पलीकडच्या तालुक्यातला एक मास्तर खोट्या हजेरीत सापडला. मी त्याच्यावर बारीक नजर ठेवून होतो. तीन महिने सस्पेंड झाला, मग दुसऱ्या शाळेवर रुजू झाला, पोरीचं लग्नही थाटात केलं. तीन महिने! मी एवढ्यालाच घाबरलो होतो.

सोमी पाचवीत कधी गेलीच नाही. कोर्टाच्या पायी दोन वर्षं तशीच गेली, आणि निकालानंतर दिवाळी झाली की ती आईबरोबर भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायला लागली. पावसाळ्याला परत, आणि जनीची पाळीही तेव्हाच यायची. वाटेत दिसली तर ‘गुरुजी’ म्हणून थांबायची. पाढे विचारायची माझी हिंमत झाली नाही.

माझ्या निवृत्तीला वर्ष राहिलं तेव्हा ती आपल्या मुलीला घेऊन शाळेत आली. पहिलीत नाव घालायला. मी सवयीने जन्मतारखेच्या रकान्यावर पेन टेकवलं, तसा तिने पदराच्या गाठीतून प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला कागद काढला. सरकारी दवाखान्यातला जन्माचा कागद. “एक जून घालू नका गुरुजी,” ती म्हणाली. “कोर्टात हसलंत लोक.” मी कागदावरची तारीख उतरवून घेतली. मग ती खाली बघत म्हणाली, “मी तुमाला मनात लय शिव्या दिल्या. आयनं सांगलां, गुरुजींना भेव होता. मग बंद केल्या.” आणि मग तिने विचारलं, की तो माणूस दिसायला कसा होता? ज्याने मला धमकावलं तो?

तिला हवं होतं ते मला कळलं. बापाला मारणारा तिने पाहिला होता. तिला खोटं पाडणारा पाहायचा राहिला होता. तो समोरच बसला होता, पेन हातात घेऊन.

मी तिला सांगितलं — उंच होता. मिशी होती. अंगात पांढरा शर्ट. संध्याकाळी जव्हारच्या घरी आला, नव्या स्लॅबखाली उभा राहिला आणि मुलांची नावं विचारली. एवढं तपशीलवार मी आधी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझा आवाज बरोबर जागी कापरा झाला. सोमीचे डोळे भरून आले. माझ्यासाठी.

निवृत्तीला पाड्याने शाल दिली, नारळ दिला. जनी तेव्हा हयात नव्हती. भाषणात एक जण म्हणाला, जिवावर बेतलं तरी गुरुजींनी शाळा चुकवली नाही. टाळ्या पडल्या, सोमीनेही वाजवल्या. मी हात जोडले.

तांदळाचं कारण पुढे करत नाही. वडिलांचं, घराचं, नोकरीचंही करत नाही. कोर्टात शपथेवर जे सांगायचं होतं तेवढं इथे लिहितो आणि थांबतो. त्या दिवशी बाजाराचा दुसरा दिवस होता. शाळा बंद होती. मी जव्हारला माझ्या घराचा स्लॅब टाकत होतो. सोमी रावजी, इयत्ता चौथी, गैरहजर. तिने जे पाहिलं ते पाहिलं. मला कुणीही धमकावलं नव्हतं.